मागचे लाइट

घरी जाऊन गाडीचं काम करणाऱ्याला पाना नंतर लागतो. आधी सावली लागते आणि सपाट जमीन. नागपुरात मे महिन्यात सावली महाग, आणि सिमेंट रोड झाल्यापासून सपाट जमीनही. रस्ते घरांच्या हातभर वर गेले, म्हणून जो तो पोर्चपुढे रॅम्प घालून बसलाय. मानेवाड्याच्या काकांकडेही तसाच, चांगला उभा रॅम्प. पोर्च मात्र सपाट होता, वर टिनाचं शेड. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता म्हणून सकाळी सातलाच जॅक लावला.

काका वेकोलीच्या, म्हणजे कोळसा खाणींच्या सरकारी कंपनीच्या, वर्कशॉपमधून रिटायर झालेले. फोनवरच सांगितलं होतं, "समोरच्या ब्रेकच्या डिस्क न् पॅड मीच बदलणार. तू फक्त सोबत उभा राहा. पैसे पूर्ण घे." अशा गिऱ्हाइकांचा मला मनापासून कंटाळा आहे. दोन व्हिडिओ पाहतात आणि तिसऱ्या बोल्टला घाम पुसत आपल्याला हाक मारतात.

चाक निघालं. मी डिस्कला व्हर्नियर लावला, २०.६ मिलिमीटर आलं. डिस्कच्या बुडाशी कमीत कमी जाडी २० कोरलेली होती. म्हटलं, "काका, डिस्क चालते जी अजून. लेथवर हलका कट मारून आणतो, खर्च वाचेल." काकांनी घरातून लाकडी पेटी आणली, त्यात मायक्रोमीटर. पॅड घासतो त्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये लावला. १९.४. व्हर्नियरचा जबडा बसतो डिस्कच्या काठावरच्या गंजलेल्या कंगोऱ्यावर, तिथे पॅड पोचतच नाही, म्हणून ती जागा झिजत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. घाईत लक्ष दिलं नाही, एवढंच.

"मोजणारंच चुकलं तर काय होते?" काका म्हणाले. "२०२४ मध्ये आपल्या गावात ५६ डिग्री दाखवलं होतं ना बाप्पा? मग सेन्सर बिघडलेला निघाला."

पॅड काढले. बाहेरचा निम्मा शिल्लक, आतला लोखंडापर्यंत गेलेला. आधीच्या सर्व्हिसच्या कागदावर 'पॅड ५० टक्के' असा शेरा होता. कोणत्या सेंटरचा ते जाऊ द्या. चाक न काढता जाळीतून डोकावलं की बाहेरचाच पॅड दिसतो, आणि शेरा मारणाऱ्याला तेवढंच पुरतं. कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची, खालची पिन जाम होती. पिन सरकत नसली की पिस्टनकडचा, म्हणजे आतला, पॅड एकटाच सगळा मार खातो. नुसते पॅड बदलून दिले असते तर नव्या पॅडचीही तीच गत झाली असती. काकांनी पिन काढली, गंज खरवडला, फाटलेलं रबर बदललं, सिलिकॉन ग्रीस लावून बोटाने दहा वेळा आत-बाहेर करून पाहिली. तोवर कॅलिपर जुन्या कूलरच्या वायरचा आकडा करून स्प्रिंगला टांगलेला. ब्रेक ऑइलच्या होज पाइपवर लोंबकळत सोडणारे मेकॅनिक मी गावभर पाहिलेत. डिस्क ज्यावर बसते त्या हबवरचा गंज तर काकांनी वीस मिनिटं घासला. त्याचा पापुद्रा राहिला तर नवी डिस्कही किंचित वाकडी बसते, आणि काही महिन्यांत ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. माझ्या बाजूला मी दोन हात मारून डिस्क बसवली होती.

हो, माझी बाजू. डावी बाजू करायला काकांना दोन तास लागले. पुढचा कॉल प्रतापनगरला होता, म्हणून म्हटलं, उजवी मी करतो. "काहून घाई करून राहिला बे," म्हणाले, पण करू दिलं. चाळीस मिनिटांत संपवली.

एक सांगायचं राहिलं. काम सुरू करतानाच त्यांनी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून त्यावर 'ब्रेक उघडे आहेत' असं लिहिलं आणि सुतळीने स्टेअरिंगला बांधलं. चावी स्वतःच्या खिशात. खाणीतली सवय. मला हसू आलं होतं.

नवे जाड पॅड बसवायला पिस्टन क्लॅम्पने पार मागे दाबावा लागतो. मग पिस्टन आणि पॅडमध्ये फट राहते. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल मारमारून ती भरून काढायची, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही. कामाला लागलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. मीच शिकवतो.

काकांनी चावी देताना विचारलं, "पेडल मारलं ना?"

"मारलं जी," मी म्हटलं.

खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. तोंडून निघून गेलं. पुठ्ठा सोडून मागच्या सीटवर टाकला, गाडी चालू केली, रॅम्प चढलो. गेटपाशी समोरून स्कूटी आली. क्लच दाबला, ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थेट फ्लोअरला टेकला. गाडी मागे सरकू लागली. आरशात काका दिसले, दोन्ही हातांत जुनी डिस्क धरून पोर्चच्या मध्यात उभे. हँडब्रेक ओढला तेव्हा गाडी दोन हात मागे आली होती. मग पेडल मारलं. पाचव्यांदा घट्ट लागलं.

ट्रायल घेतली. रिंग रोडवर साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवून पॅड बसवले. ब्रेक उत्तम. परत आलो तेव्हा पन्ह्याचा ग्लास तयार होता. काकांनी ठरलेले पैसे मोजून दिले आणि जुनी डिस्क भिंतीला टेकवत म्हणाले, "गाडीचे मागचे लाइट बरोबर आहेत बरं का. लागून-विझून राहिले होते, पाच वेळा मोजले मी."

मी पन्हं प्यायलो. काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत.

काल त्यांचा फोन आला होता. मागचे ब्रेक ड्रम उघडायचेत, रविवारी ये म्हणाले. पुठ्ठा जपून ठेवलाय, असंही म्हणाले. मी हो म्हटलंय.