रजिस्टर हललंय, सर!

आजोबांच्या सीटी स्कॅनच्या फिल्मवर एकाच डोक्याची इतकी चित्रं कशाला, असं नववीतल्या एका पोराने विचारलं. प्रत्येक चित्र म्हणजे डोक्याची एकेक चकती, हे दाखवायला मी दुसऱ्या दिवशी कणकेचे सहा गोळे घेऊन वर्गात गेलो. प्रत्येकात बिटाच्या रसात मळलेल्या कणकेची वाकडीतिकडी नळी दडवलेली. (घरी यावरून काय ऐकून घेतलं, ते राहू द्या.)

गोळा कापायला शिवणाचा दोरा दिला. सुरीने कणीक दबते, लाल रंग पांढऱ्यात फासतो. पाच मिलिमीटरच्या चकत्या पाडायच्या, प्रत्येकीवरचा लाल ठिपका पारदर्शक शीटवर गिरवायचा आणि मध्ये तेवढ्याच जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून शीट एकावर एक रचायच्या.

तिसऱ्या गटाची नळी जिन्यासारखी निघाली. एक पायरी डावीकडे, एक उजवीकडे. "तूच चुकीचं गिरवलंस" सुरू झालं. मी शीट चकत्यांशी ताडून पाहिल्या, सगळ्या बरोबर. समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात एरवी गप्प बसणारी एक मुलगी म्हणाली, "सर, रजिस्टर हललंय."

तिचे वडील ऑफसेट प्रेसमध्ये मशीनवर असतात. चार रंग चार प्लेटांवर, कोपऱ्यात फुल्या. त्या एकमेकींवर नेमक्या बसणं म्हणजे त्यांच्या भाषेत रजिस्टर. फुलीवर फुली बसली नाही तर लग्नपत्रिकेवरच्या गणपतीला दोन सोंडा दिसतात! मी थक्क. शास्त्रज्ञही याला रजिस्ट्रेशनच म्हणतात. २०१३ साली जर्मनी आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी एका मेंदूच्या ७४०४ चकत्यांमधून त्रिमिती नकाशा उभा केला. चकती २० मायक्रॉनची, केसाहून पातळ. त्यात कुठे घडी पडलेली, कुठे फाटलेली, ते सगळं संगणकावर जुळवत बसायचं.

आमच्याकडे अगरबत्तीची काडी होती. उरलेल्या गोळ्यात ती आरपार घालून काढली, मग चकत्या पाडल्या आणि भोकंही गिरवली. पण एका भोकाभोवती शीट गरगर फिरायला लागल्या. "दोन पाहिजेत ना!" मागून कुणीतरी ओरडलं. पुढच्या गोळ्याला दोन भोकं पाडली आणि नळी सरळ उभी राहिली. पाहतो तर तिला मध्येच फाटा फुटलेला.

घंटा झाल्यावर एक पोरगा चकत्या कुस्करत माझ्याकडे आला. बोटावर मोहरीचा दाणा.

"सर, हा कुणाच्याच शीटवर नाही."

नसणारच. दोन मिलिमीटरचा दाणा पाच मिलिमीटरच्या चकतीच्या पोटात बसलेला, दोरा त्याला शिवलाच नाही. हा मुद्दा मी पुढच्या तासासाठी राखून ठेवला होता. पण तो थांबला नाही. उरलेली एक चकती घेऊन तिच्या आणखी पातळ चकत्या पाडायला बसला. पहिली निघाली, दुसरी दोऱ्याला चिकटून फाटली.

"सर, फ्रिजमध्ये ठेवून कापू का?"