गच्चीवरचे बजी आणि नाशिकची थंडी: या हिवाळ्यातल्या नोंदी

नोव्हेंबर अखेर

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की नाशकात पक्षी पाळणाऱ्यांची धावपळ सुरू होते आणि पहिला प्रश्न असतो, हीटर कुठला घ्यायचा? माझं मत पक्कं आहे: आधी वारा अडवा, हीटरचं नंतर बघू.

आमच्या गच्चीवरच्या कॉलनीत, म्हणजे थव्याने ठेवायच्या मोठ्या पिंजऱ्यात, बजी (बजरिगार, छोटे रंगीत पोपट) आहेत, शेजारच्या पिंजऱ्यात कॉकटील या तुरेवाल्या पोपटांची जोडी. दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातले, तिथल्या रात्रीही गारच. धडधाकट पक्षी पिसं फुगवून अंगाभोवती हवा कोंडतो, एक पाय पोटाशी घेतो आणि रात्र काढतो. पण झोत लागला की पिसांतली ती ऊब उडून जाते आणि चाळीस अंशांच्या वर असणारं अंग गरम ठेवता ठेवता पक्षी खंगतो.

म्हणून तीन बाजूंना जाड पारदर्शक प्लास्टिक लावलं, उत्तरेला त्यावर बारदान. दक्षिणेला वरचा हातभर भाग मुद्दाम उघडा ठेवला आहे. सगळं बंद केलं तर विष्ठेतला अमोनिया आणि दमट हवा आतच राहते, आणि पक्ष्यांची छाती त्याने फार लवकर बिघडते.

डिसेंबर

किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधी तो घ्यावा. गच्चीवर दुपारी २८, पहाटे ९. पडद्याआड पहाटे १३. दिवसरात्रीतली ही तफावतच पक्ष्यांना जड जाते.

आता हीटर. पिवळा बल्ब नको. रात्रभर उजेड राहिला की झोप मोडते आणि दिवस लांबला असं समजून माद्या अवेळी अंड्यावर येतात. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावला, साठ वॅटचा. होल्डर चिनीमातीचंच हवं, प्लास्टिकचं वितळतं. हीटरचा पृष्ठभाग भाजेल इतका तापतो, म्हणून तो जाळीच्या बाहेर आणि पडद्यापासून लांब. थर्मोस्टॅटचा सेन्सर दांडीजवळ बांधला, १५ ला चालू, १८ ला बंद. ऊब एकाच कोपऱ्यात ठेवली आहे, ज्याला हवी तो तिथे जातो. म्हातारी निळी मादी आणि पिसं झडणारे दोघे तिथेच असतात, बाकीचे पलीकडे खुशाल झोपतात.

एक कळकळीची विनंती. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, ते पाहून काही जण पिंजऱ्यापाशी कोळशाची शेगडी ठेवतात. कृपा करून ठेवू नका. कोळशाच्या खाणीत पूर्वी कॅनरी नेत ते याचसाठी, की विषारी वायू माणसाआधी पक्ष्याला बाधतो. थंडीमुळे पिंजरा स्वयंपाकघरात आणला असेल तर नॉनस्टिक तव्याचंही भान ठेवा. रिकामा तवा फार तापला की त्याची वाफ पक्ष्याला मारते.

खाण्यात राळा, बाजरी नेहमीचीच. मावळतीला पुन्हा एकदा भांडं भरतो, कारण रात्र त्याच्यावर काढायची असते. सूर्यफूल चिमूटभरच. आंघोळीचं पाणी फक्त भर दुपारी.

जानेवारी

पिवळी मादी भर उन्हात फुगून बसलेली, दोन्ही पाय दांडीवर, श्वासागणिक शेपूट वरखाली. रात्री फुगणं वेगळं आणि हे वेगळं. लगेच छोट्या पिंजऱ्यात २८-३० अंशांवर ठेवली आणि डॉक्टरांकडे नेली. औषध सुरू आहे, आज स्वतःहून राळा टिपला.

अंडी घालायला टांगलेल्या मटक्या मात्र मी डिसेंबरातच काढल्या. थंडीत अंडं अडकण्याचा धोका वाढतो, कॅल्शियम कमी असलेल्या मादीला तर जास्तच. कॅल्शियमसाठी समुद्रफेस कायम टांगलेला आहे. पहाटेचा पारा सलग १५ च्या वर राहायला लागला की मटक्या परत लावेन. प्लास्टिक टप्प्याटप्प्याने उतरवायचं, उत्तरेचं बारदान सगळ्यात शेवटी.