पूर्वसंशोधनाचा आढावा : तिसरा आणि नववा परिच्छेद

पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी मी ‘कागदावरचे वाचन आणि पडद्यावरचे वाचन’ हा विषय घेतला होता. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचा पहिला मसुदा अठरा पानांचा झाला आणि मी तो मोठ्या समाधानाने मार्गदर्शकांच्या हाती दिला. आठवड्याने परत आला, तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिले होते : ‘तिसरा आणि नववा परिच्छेद अदलाबदल करून वाचले. काही बिघडले नाही.’

शेरा झोंबला, पण तो खरा होता. प्रत्येक परिच्छेद ‘अमुक यांच्या मते’ असा सुरू होऊन एका लेखाचा गोषवारा देत संपत होता. म्हणजे मी लिहिली होती ती टाचणवही, आणि टाचणे कोणत्याही क्रमाने लावली तरी चालतात.

मग मी एक तक्ता आखला. लेखकांची नावे कडेला ठेवून काय मोजले, कोणावर प्रयोग केला, मजकूर कोणता होता आणि वाचायला वेळ किती दिला, असे रकाने केले. अँड्र्यू डिलन यांच्या १९९२ च्या आढाव्यात पडद्यावरचे वाचन कागदापेक्षा संथ असल्याचा निष्कर्ष ठळकपणे येतो. त्या काळचे पडदे लक्षात घेता, ते सुधारले की फरक मिटेल, असे मी मनाशी धरून चाललो होतो. पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात आकलनाच्या बाबतीत कागद सरस ठरला, आणि हा फरक वर्षांगणिक कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. हे दोन्ही लेख पहिल्या मसुद्यातही होते, पण एकमेकांपासून सात पाने दूर. तक्त्यात शेजारी आल्यावर लक्षात आले की एकीकडे भर वेगावर आहे, दुसरीकडे आकलनावर; वेगाबद्दलच्या निष्कर्षावरून मी आकलनाविषयी अंदाज बांधत होतो.

त्याच विश्लेषणात आणखी दोन गोष्टी होत्या, ज्या मी आधी एका ओळीत उरकल्या होत्या. वाचनाला वेळेची मर्यादा असेल तर कागदाचा फायदा अधिक दिसतो, आणि मजकूर केवळ कथात्मक असेल तर तो दिसत नाही. माझ्या नियोजित प्रयोगात मी विद्यार्थ्यांना कथा देणार होतो, तीही हवा तितका वेळ घेऊन वाचायला! प्रयोगाचा आराखडा मला त्याच आठवड्यात बदलावा लागला.

शोध घेण्याच्या तंत्राबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गूगल स्कॉलरवर एखाद्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला ते पाहता येते, संदर्भसूचीवरून मागे जाता येते, आणि दोन्हीकडून तीच ती नावे येऊ लागली की थांबावे. संदर्भ मात्र दुसऱ्याच्या सूचीतून उचलू नयेत. सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये, संदर्भांतल्या छापील चुका जशाच्या तशा पुढे कशा नकलल्या जातात यावरून, संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोकच मूळ लेख वाचत असावेत असा अंदाज बांधला होता. तो वाचून मी माझी सूची तपासायला बसलो, तर एका लेखाचा पृष्ठक्रमांक २१२ ऐवजी २२१ निघाला. ज्या लेखातून मी तो उतरवून घेतला होता, तिथेही २२१ च होता.