टोरोंटोत जपानी किटकॅट शोधणाऱ्यांसाठी: स्टील्स अॅव्हेन्यूपर्यंत जा, पण त्या रस्त्यावरून चालू नका

टोरोंटोला निघालेल्या माणसाला जपानी किटकॅटविषयी सगळीकडून एकच सल्ला मिळतो: डाउनटाउनमध्ये उतरा, परदेशी गोळ्या-चॉकलेटांच्या कुठल्याही झगमगत्या दुकानात शिरा, हव्या त्या चवी समोर मांडलेल्या दिसतील. चवी मांडलेल्या दिसतात हे खरे आहे. त्या किती जुन्या आहेत, कुठल्या देशात बनल्या आहेत आणि त्यांची वाजवी किंमत किती, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि माझे पैसे नेमके तिथेच वाया गेले. म्हणून हे जरा तपशिलात लिहिते आहे. मी फेब्रुवारीत गेले होते. थंडीचे पुरेसे कपडे, बर्फावर न घसरणारे बूट आणि दिवसभर फिरण्याची तयारी तुमच्याकडे आहे असे धरूनच पुढचे वाचावे. नायगारा आणि बाकीचे दिवस उत्तम गेले, त्यांविषयी लिहिण्यासारखे वेगळे काही नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणजे पुढचा सगळा घोळ उलगडतो. किटकॅट मूळचे इंग्लंडमधल्या यॉर्कच्या राउनट्री कंपनीचे, 1935 सालचे. 1988 मध्ये नेस्लेने ती कंपनी विकत घेतली. अमेरिकेत मात्र ते परवान्याने हर्शी बनवते. आपल्याकडचे गोव्यात फोंड्याला बनते, आणि टोरोंटोचे तर खुद्द टोरोंटोतच, स्टर्लिंग रोडवरच्या जुन्या राउनट्री कारखान्यात. त्यामुळे तिथल्या सुपरमार्केटात जे रचून ठेवलेले असते ते कॅनडाचे किटकॅट असते आणि त्याचा जपानशी काही संबंध नसतो. जपानमध्ये किटकॅट 1973 पासून आहे. 2000 साली होक्काइदोत स्ट्रॉबेरीची चव निघाली आणि तिथून प्रत्येक प्रांताची, प्रत्येक ऋतूची वेगळी चव काढण्याचा सपाटा सुरू झाला. शिझुओकाकडची वसाबी, म्हणजे नाकात जाणारी तिखट जपानी मुळी, हिरोशिमाची मोमिजी मांजू, म्हणजे मेपलच्या पानाच्या आकाराची मिठाई, ओकिनावाचे जांभळे रताळे, युबारीचे खरबूज या चवी प्रवाशाने घरी भेट म्हणून न्याव्यात यासाठी असतात, आणि त्या जपानमध्येही प्रामुख्याने त्या-त्या भागातल्या स्टेशनांवर, विमानतळांवर आणि भेटवस्तूंच्या दुकानांतच विकल्या जातात. टोरोंटोत दिसणारी अशी पेटी कोणीतरी किरकोळीत उचलून समुद्रापार पाठवलेली असण्याची शक्यता मोठी. ती महाग असणारच. प्रश्न फक्त किती महाग, एवढाच उरतो.

डाउनटाउनमधल्या ज्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तिथे सुटे तुकडे बरण्यांत भरून ठेवले होते. सुटा तुकडा म्हणजे दोन कांड्यांचे, अंगठ्याएवढे छोटे किटकॅट. एकेकाला 2.99 डॉलर. पुढे हीच चव मला अख्ख्या पिशवीत, आत दहाच्या आसपास तुकडे असलेली, 8.99 डॉलरला मिळाली. म्हणजे सुट्या तुकड्यामागे तिप्पटीहून अधिक पैसे. त्यावर कर वेगळा. कॅनडात फळीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. धान्य, भाज्या, दूध अशा मूलभूत खाद्यपदार्थांवर तो लागत नाही, पण चॉकलेटवर टोरोंटोच्या ऑन्टारियो प्रांतात 13 टक्के पूर्ण लागतो, म्हणून 8.99 ची पिशवी गल्ल्यावर 10.16 होते. हा हिशेब आधीच डोक्यात असू द्या. सुट्या तुकड्यांची आणखी एक अडचण अशी की तारीख आणि घटकांची यादी बाहेरच्या पिशवीवर असते आणि ती पिशवी दुकानदाराने केव्हाच फेकून दिलेली असते. तारीख विचारली तेव्हा उत्तर मिळाले, “माल ताजाच आहे.” घरी येऊन वेष्टन उघडले तर माचाचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या भुकटीचा, हिरवा रंग कडांना पांढरट पडलेला, पृष्ठभाग खडूसारखा कोरडा, आणि मोडताना जो कट्ट आवाज यायला हवा त्याऐवजी तुकडा मऊपणे दुभंगला. चॉकलेट एकदा उष्णतेने सैल होऊन पुन्हा थिजले की त्यातली चरबी वर येते, तिची ही खूण. खाल्ल्याने अपाय होत नाही, पण चव गेलेली असते. टोरोंटोत बाहेर बर्फ पडत असताना दुकानांच्या काचेजवळ खालून गरम हवा सुरू असते आणि नेमका तिथेच शोभेसाठी माल मांडलेला असतो. माझे मत स्पष्ट आहे: सुटा तुकडा घेऊ नये, कितीही दुर्मीळ चव असली तरी, आणि काचेजवळची पिशवीही घेऊ नये.

पिशवी घेताना काय पाहावे, हे कोणत्याही पत्त्यापेक्षा महत्त्वाचे आहे. कॅनडात पाकीटबंद खाद्यपदार्थांवरचा मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत असावा लागतो. म्हणून रीतसर आयात केलेल्या जपानी पिशवीवर मागच्या बाजूला घटक आणि पोषणमूल्यांचे दोन भाषांतले पांढरे लेबल चिकटवलेले असते. लेबल असणे चांगलेच, कारण दूध, सोया, गहू यांची सूचना आपल्याला वाचता येते. परंतु ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ ही नोंद तिथल्या नियमाप्रमाणे 90 दिवस किंवा त्याहून कमी टिकणाऱ्या पदार्थांवरच सक्तीची आहे. चॉकलेट त्याहून पुष्कळ जास्त टिकते, त्यामुळे लेबलवर तारीख नसली तरी नियम मोडत नाही, आणि कित्येकदा ते लेबल नेमके जपानी तारखेवरच बसलेले असते. मी पाहिलेल्या एका पिशवीवर लेबलचा कोपरा सुटला होता. तो नखाने जरासा उचलला तेव्हा खाली छापलेला महिना उलटून बरेच दिवस झालेले दिसले. दुकानदारासमोर लेबल सोलत बसणे योग्य नाही, पण पिशवी उजेडात तिरकी धरली तर खालचे ठसठशीत आकडे बऱ्याचदा वाचता येतात. जपानी तारखेत वर्ष आधी आणि महिना नंतर असतो. वाचता आली नाही तर विचारावे, आणि उत्तर टाळले गेले तर पिशवी परत ठेवावी.

जपानी नसलेला माल जपानी म्हणून पुढे केला जातो, तेही सांगायला हवे. हिरवे वेष्टन म्हणजे जपान असे मुळीच नाही. नेस्लेने 2019 मध्ये युरोपसाठी माचाचे किटकॅट काढले ते जर्मनीत हॅम्बुर्गला बनवलेले होते. लेमन क्रिस्पसारख्या चवी अमेरिकेतल्या हर्शीच्या. या चवी वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही, पण त्यांना ‘जपानची दुर्मीळ चव’ म्हणून जादा पैसे देऊ नयेत. मागे बहुधा उत्पादनाचा देश लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय पाकीट हातात घेऊन गल्ल्यापाशी जाऊ नका.

डाउनटाउनमध्येच शोधायचे असेल तर पर्यटकांचे रस्ते सोडून दोन ठिकाणी जावे. क्वीन स्ट्रीट वेस्टवर सांको हे छोटे जपानी किराणा दुकान आहे, 1960च्या दशकापासूनचे. तिथे लोक मिसो, तांदूळ आणि लोणची घ्यायला येतात आणि चॉकलेटे त्या ओघात असतात. निवड थोडी, पण माल फिरता असल्याने ताजा. दुसरे ठिकाण म्हणजे स्पॅडायना अॅव्हेन्यू आणि डंडासच्या चौकाभोवतीचे चायनाटाउन. 510 क्रमांकाची स्ट्रीटकार, म्हणजे ट्राम, दारात सोडते. तिथल्या किराणा दुकानांत माचा आणि स्ट्रॉबेरी बहुधा मिळते, याहून विशेष काही मिळेल या आशेने जाऊ नये. शेजारचे केन्सिंग्टन मार्केट पाहण्यासारखे आहे, किटकॅटसाठी नाही.

खरा साठा शहराच्या उत्तर सीमेवर, स्टील्स अॅव्हेन्यू ईस्टवर आहे. हा रस्ताच सीमा आहे: दक्षिणेची बाजू टोरोंटो, उत्तरेची मार्कहॅम. व्हिक्टोरिया पार्क अॅव्हेन्यूजवळ उत्तरेच्या बाजूला जे-टाउन हा जपानी दुकानांचा छोटा समूह आहे: किराणा, बेकरी, खाण्याच्या जागा. पुढे केनेडी रोडपाशी पॅसिफिक मॉल, हे छोट्या गाळ्यांचे मोठे आशियाई खरेदी-संकुल. दोन्ही जागा जरूर पाहाव्यात. पण मला शेजारच्या मिसिसागा शहरातल्या एका स्नेह्यांनी सांगितले होते की एकाच रस्त्यावर तर आहेत, चालत जाता येईल. नकाशावर ते अंतर तीन-चार किलोमीटर दिसते आणि महाराष्ट्रातला कोणताही धडधाकट माणूस ते किरकोळच मानेल. कृपया मानू नका. स्टील्स हा माणसाने चालण्यासाठी केलेला रस्ता वाटत नाही. एका बाजूला सुसाट गाड्यांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला वाहनतळांची मैदाने आणि गोदामांच्या पाठी. वारा अडवणारे झाड नाही, आडोशाला दुकान नाही. फेब्रुवारीत यंत्राने बाजूला सारलेला बर्फ पदपथाच्या कडेला गुडघाभर साचतो, दुपारी त्याचा राखाडी चिखल होतो आणि शेजारून ट्रक गेला की तो चिखल कमरेपर्यंत उडतो. मध्ये वॉर्डन नावाच्या रस्त्याचा चौक ओलांडताना सिग्नल बदलेपर्यंत उभे राहावे लागले तेव्हा बोटे इतकी बधिर झाली होती की हातमोज्याच्या आत ती वळत नव्हती. पॅसिफिक मॉलच्या दारात पोहोचले तेव्हा खरेदीचा उत्साह संपलेला होता, आणि अर्धा तास मी नुसती बाकावर बसून राहिले. दमलेल्या माणसाला समोर दिसेल ते महाग वाटत नाही, म्हणून त्या अवस्थेत पैशांचे पाकीट उघडू नये.

नीट मार्ग असा आहे. पहिल्या क्रमांकाच्या भुयारी रेल्वेने उत्तरेला शेवटच्या फिंच स्थानकापर्यंत जावे, तिथून स्टील्स ईस्टची 53 क्रमांकाची बस घ्यावी, जे-टाउनला उतरावे, काम उरकून पुन्हा त्याच क्रमांकाच्या बसने पुढे पॅसिफिक मॉलला जावे. प्रेस्टो हे तिथले बस-रेल्वेच्या भाड्याचे कार्ड; ते पहिल्यांदा टेकवल्यापासून दोन तास बदल्या मोफत असतात, तेवढ्यात जे-टाउन आटोपले तर पुढच्या बसचे वेगळे पैसे पडत नाहीत. नुसते पॅसिफिक मॉल करायचे असेल तर युनियन स्टेशनवरून स्टोफव्हिल मार्गावरची गो रेल्वे, म्हणजे तिथली उपनगरी गाडी, मिलिकेन स्थानकावर सोडते, मॉल तिथून अगदी जवळ आहे.

पॅसिफिक मॉल 1997 पासून आहे आणि त्यातले गाळे वेगवेगळ्या मालकांचे आहेत, त्यामुळे एकाच पिशवीची किंमत दोन गाळ्यांत वेगळी असते. पूर्ण एक फेरी मारल्याशिवाय काही घेऊ नका. रोख रक्कम जवळ असावी, सगळीकडे क्रेडिट कार्ड घेतीलच असे नाही. दुसऱ्या फेरीत, एका टोकाच्या गाळ्यात, खालच्या फळीवर, जिथे ऊनही नाही आणि गरम हवाही नाही, तिथे मला होजिचाची, म्हणजे भाजलेल्या चहाच्या पानांच्या चवीची, पिशवी दिसली. तारीख लेबलाबाहेर, स्पष्ट, पुष्कळ महिने पुढची. स्टील्सचा सगळा शीण त्या क्षणी उतरला, हे कबूल करायला हवे. तिच्या शेजारी जांभळ्या रताळ्याची पेटीही होती.

आता चवींविषयी, स्पष्ट शब्दांत. यांतल्या बहुतेक चवींच्या मुळाशी पांढरे चॉकलेट असते, त्यामुळे ज्यांना कडू चॉकलेट आवडते त्यांची निराशा ठरलेली. होजिचा मला सगळ्यांत आवडली; गोडवा आटोक्यात राहतो आणि शेवटी भाजल्याचा हलका धुरकट स्वाद जिभेवर रेंगाळतो. माचा घ्यायचीच तर गडद माचाची, प्रौढांसाठी म्हणून वेगळी काढलेली घ्यावी. साधी माचा फार गोड आहे. जांभळे रताळे उपासाच्या रताळ्याच्या किसाच्या जवळ जाते, तूप आणि साखर जरा हात सैल सोडून घातल्यासारखे, आणि मराठी घरात ते सगळ्यांना रुचेल. वसाबीसाठी धडपडू नये: आधी गोड, मग नाकात किंचित झिणझिणी, आणि ती येते न येते तोच संपते. त्या पेटीला सांगितलेली किंमत मी दिली नाही आणि तुम्हीही देऊ नये. साके चवीत खरोखर साके, म्हणजे तांदळाचे जपानी मद्य, असते, तसे पाकिटावर लिहिलेलेही असते, म्हणून लहान मुलांसाठी किंवा मद्य वर्ज्य असलेल्यांसाठी ती नेऊ नका. स्ट्रॉबेरी चांगली आहे, पण तिच्यासाठी स्टील्सपर्यंत जाण्याची गरज नाही.

भारतात नेणार असाल तर पिशव्या हाताच्या सामानात, कपड्यांच्या मधोमध ठेवाव्यात. कोकोची चरबी साधारण 34 अंशांना वितळते आणि एप्रिल-मे मध्ये मुंबईत विमानतळाबाहेर टॅक्सीची वाट पाहतानाच ती मर्यादा गाठली जाते. उन्हाळ्यात परतणाऱ्यांनी शेवटच्या दोन दिवसांतच खरेदी करावी, यजमानांच्या गाडीच्या डिकीत पिशव्या ठेवू नयेत, आणि घरी पोहोचल्यावर थेट फ्रिजमध्ये न ढकलता घट्ट डब्यात घालून मगच ठेवाव्यात, नाहीतर दमटपणाने साखर वर येऊन तुकडा खरखरीत होतो. सोमवार ते गुरुवार दुपारी गेल्यास मॉलमध्ये गर्दी कमी असते आणि गाळेवाल्यांना तारीख दाखवायला वेळ असतो; शनिवारी संध्याकाळी जाऊ नका.