डोळा फुटला

बी.एड.च्या इंटर्नशिपमध्ये आपले पाठ घेण्याआधी दुसऱ्यांचे बघावे लागतात. त्यासाठी निरीक्षणाचा छापील तक्ता असतो: प्रस्तावना, हेतुकथन, विकसन, फलकलेखन, प्रबलन (म्हणजे मुलांना दिलेली शाबासकी). प्रत्येक रकान्यात काहीतरी भरायचंच. पंचवटीतल्या एका मराठी शाळेत आठवीचा इंग्रजीचा तास होता, दिवस ऑक्टोबरचे. मी शेवटच्या बाकावर, तक्ता मांडीवर.

मॅडमनी हेतुकथन केलंच नाही. पुस्तकही उघडलं नाही. थेट विचारलं, "व्हॉट डिड यू डू ऑन संडे?" मी फुली मारली. पोरं गप्प. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे यांचं हे आठवं वर्ष. तरी बोलायची वेळ आली की सगळ्यांना बाकावर कोरलेली नावं वाचायची असतात. मीही तशीच होते म्हणा.

शेवटी माझ्या पुढच्या बाकावरचा, मखमलाबादहून येणारा मुलगा उठला. "येस्टर्डे माय फादर कटिंग द्राक्ष."

दोन चुका, मी टिपलं.

"ओ, ही प्रून्ड द वाइन्स! अँड देन?"

"देन पेस्ट."

"व्हाय पेस्ट?"

छाटणीनंतर काडीला पेस्ट का लावतात, हे बागेतल्या पोराला झोपेतही सांगता येतं. पण इंग्रजीत? तो बाकाची कड खरवडत राहिला. मग म्हणाला, "फॉर आय ओपन."

वर्गात हशा. एकानं तर डोळे वटारून दाखवले. मॅडम फळ्याकडे वळल्या, खडूनं आडवी काडी काढली, पेरावर, जिथून कोंब फुटतो तिथे, एक टपोरा डोळा. "करेक्ट! ओन्ली, इन इंग्लिश दिस आय इज अ बड." पोरांनी शब्द काडीसकट वहीत उतरवून घेतला. मी लिहिलं, 'चूक दाखवली नाही. विषयांतर.'

तास संपल्यावर मॅडमनी तक्ता मागितला. सगळा वाचला.

"अक्षर छान आहे गं तुझं. पण त्याचं शेवटचं वाक्य नाही लिहिलंस?"

कुठलं शेवटचं?

घंटा व्हायच्या आधी त्याला कुणीतरी विचारलं होतं, आता पाऊस आला तर? त्यावर तो म्हणाला होता, "माय फादर प्रून्ड, बट इफ रेन कम्स, बड्स गेट डावणी." न अडखळता. 'डावणी'ला, म्हणजे द्राक्षावरच्या त्या रोगाला, इंग्रजीत काय म्हणतात, असं शेजारच्यानं विचारल्यावर मॅडम हसल्या होत्या, की अरे, तो शब्दच मुळात इंग्रजी 'डाउनी'वरून आलाय.

हे सगळं माझ्यापासून हातभर अंतरावर घडलं. तेव्हा मी प्रबलनाचा रकाना भरत होते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या बाजूला, खिडकीशी बसले. तिथून पोरांची तोंडं दिसत होती, फळा दिसत नव्हता. फलकलेखनाचा रकाना कोराच राहिला.