नाल्याच्या कडेला, मारुतीच्या मागे

मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे, नाशिकच्या सिडकोकडच्या एका चौकात. दिवसभर उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डात नाव वाढवणं, शाळेचे फॉर्म. फॉर्म भरताना माणूस कुठे अडखळतो ते मला पाठ झालंय. नाव सांगतात, जन्मतारीख आधारवर असते, आणि ‘पत्ता’ आला की माझ्या तोंडाकडे बघतात. ‘लिही ना ताई, नाल्याच्या कडेला, मारुतीच्या मागे.’ मीही त्याच मारुतीच्या मागे राहते, म्हणून मुकाट्याने लिहिते. आमच्याकडे मारुती दोन आहेत, ही गोष्ट वेगळी.

वस्तीचं नाव इथे मुद्दाम देत नाही. नासर्डीच्या काठावर आहे एवढं पुरे. कागदोपत्री ही नदी नंदिनी आहे, पण ‘नंदिनीला पाणी आलं’ असं म्हणताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही.

२०२४ च्या जानेवारीत सार्वजनिक शौचालयाचं चेंबर तुंबलं म्हणून अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. ‘दाखवा, कुठे आहे?’ पडद्यावर नदी होती, तिच्या अंगाला हिरवट रिकामी जागा होती. ‘इथे तर काहीच नाही.’ मी म्हटलं, ‘साहेब, मी तिथूनच आलेय.’ त्यांनी अर्ज घेतला, आवक क्रमांक दिला, आणि चेंबर तसंच वाहत राहिलं.

दुकानात प्रोजेक्टच्या प्रिंट काढायला समाजकार्याचा एक विद्यार्थी यायचा. त्याला हे सांगितलं तर तो नैरोबीच्या किबेराची गोष्ट घेऊन बसला. एवढी मोठी झोपडपट्टी, पण नकाशावर कोरी. २००९ मध्ये तिथल्याच पोरापोरींनी जीपीएस घेऊन गल्ल्या चालून काढल्या, नळ, संडास, दवाखाने टिपले आणि ओपनस्ट्रीटमॅपवर चढवले. पुढे स्वतःच्या व्हिडिओ बातम्याही सुरू केल्या. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे २००४ मध्ये सुरू झालेला, विकिपीडियासारखा कोणीही भर घालावी असा नकाशा. एवढ्या लांब जायचीही गरज नव्हती म्हणा. पुण्यात आणि सांगलीत शेल्टर असोसिएट्स या संस्थेने वस्त्यांचे घरटी नकाशे करून त्यावरून घरोघरी संडास दिलेत. पण तिकडे संस्था होती. इकडे मी, तो विद्यार्थी, कॉलेजातल्या दोघी, एक रिक्षावाला दादा आणि आमच्या आशाताई, म्हणजे वस्तीच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका.

पहिली चूक मीच केली. रात्री दुकान बंद झाल्यावर उपग्रहाच्या चित्रावरून छपरं गिरवत बसले. वरून सगळं निळी ताडपत्री आणि करडा पत्रा. दोन रात्रींत चारशेच्या आसपास चौकोन काढले आणि स्वतःवरच खूश झाले. आशाताईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, ‘हे कोणाचं घर?’ मी बोट ठेवलं तो एक पत्रा होता, आणि त्याखाली चार बिऱ्हाडं होती. शेजारचा मोठा चौकोन म्हणजे म्हशींचा गोठा निघाला. गिरवलेलं अर्ध्याहून जास्त पुसावं लागलं.

आशाताईंना घरं तोंडपाठ. दारावर पोलिओच्या वेळी खडूने केलेल्या खुणा असतात ना, पोरांना डोस झाला की ‘पी’ आणि राहिला की फुली, त्या खुणांवरून कोणत्या उंबऱ्याआत किती पोरं आहेत ते त्या न थांबता सांगतात. घराला नंबर म्हणाल तर एकाच दारावर तीन-तीन: जनगणनेचा, कुठल्या तरी सर्वेक्षणाचा, आणि घरमालकाने हौसेने रंगवलेला. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

मग चालायला सुरुवात केली. मोबाइलचं जीपीएस उघड्यावर ठीक असतं. दोन्हीकडून पत्रे आले की ते भरकटतं. बोळीत उभी असताना मोबाइल मला नदीपलीकडे दाखवायचा. शेवटी उपग्रहाच्या चित्राच्या ए-थ्री प्रिंट काढल्या, सहा कागद चिकटवले आणि पेन्सिलीने काम केलं. (प्रिंटचे पैसे मालकाने पगारातून कापले नाहीत, हे इथे नोंदवून ठेवते.) दादाने पावलांनी अंतर मोजलं, आम्ही कागदावर मांडलं, रात्री मी ते कॉम्प्युटरवर चढवलं. दर रविवारी दोन गल्ल्या. जत्रा, लग्न, परीक्षा असली की तेवढंही नाही.

लोक विचारायचे, ‘कोणाकडून आलात?’ कोणाकडून नाही म्हटलं की संशय वाढायचा. एका भाऊंनी तर असा नकाशा काढणं गुन्हा आहे म्हणून दम दिला. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारने नकाशांचे नियम सैल केले, आता असल्या कामाला आधी परवानगी लागत नाही, हे आम्ही छापून सोबतच ठेवलं. तो कागद कोणी वाचला नाही, पण हातात कागद आहे म्हटल्यावर दम देणं थांबलं.

गल्ल्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा खरी भांडणं झाली. प्रत्येकाला आपल्या दैवताचं नाहीतर आपल्या नेत्याचं नाव हवं. आम्ही एकच नियम धरला: बायका पाण्याला जाताना जे म्हणतात तेच लिहायचं. म्हणून आमच्याकडे ‘घागरबोळ’ आहे. दोन घागरी घेतलेली बाई आत शिरली की समोरच्याने उलट पावली मागे यायचं, एवढीच तिची रुंदी. नदीचं नाव नकाशावर नंदिनी होतं. ते राहू दिलं आणि दुसऱ्या नावाच्या रकान्यात नासर्डी भरलं. मध्येच कुठल्या तरी लांबच्या मॅपरने घागरबोळ सरळ नेऊन पलीकडच्या रस्त्याला जोडली. वरून बघता तसंच वाटतं, पण मध्ये भिंत आहे. त्याला भिंतीचा फोटो पाठवला. त्याने माफी मागून बदल मागे घेतला. साहेबांपेक्षा हा परका माणूस बरा, असं तेव्हा मनात आलं होतं.

शौचालयाचं काम मात्र नकाशाच्या चिन्हाने भागणारं नव्हतं. नकाशावर ‘संडास’ म्हणून एक ठिपका पडतो, झालं. स्वच्छ भारतचा हिशेब पंचवीस बायकांमागे एक सीट, पस्तीस पुरुषांमागे एक असा आहे. आमच्या माहिती अधिकाराच्या अर्जाला (दहा रुपयांचं तिकीट आणि तीस दिवसांची वाट) उत्तर आलं की बायकांच्या बाजूला दहा सीट आहेत, दुरुस्ती झालेली आहे. दहा होत्या, खोटं नाही. आम्ही बायकांनाच विचारलं, अंधार पडल्यावर तू यातल्या कुठल्या वापरतेस? बारावीतली एक मुलगी मला हाताला धरून घेऊन गेली. पाचव्या दाराला कडी नव्हती. आत चौकटीला एक खिळा होता. तिने ओढणीचं एक टोक खिळ्याला दोनदा गुंडाळलं, दुसरं मुठीत घट्ट धरलं, आणि दार ओढून दाखवलं. ‘हात सोडायचा नाही, ताई. आणि पाणी आधीच उजव्या हाताला ठेवायचं.’ खिळा घासून चकचकीत झाला होता.

मग आम्ही प्रत्येक सीटसमोर तीन रकाने केले: कडी, दिवा, पाणी. रात्री चालण्यासारख्या चार निघाल्या. तो एक पानी तक्ता नकाशाला जोडून त्याच कार्यालयात दिला. या वेळी साहेबांनी पडदा वळवला तेव्हा गल्ल्या होत्या, घागरबोळही होती. दहा-बारा दिवसांनी जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्याने गटार मोकळं करणारी गाडी आली, चेंबर मोकळं झालं. सहा दारांना कड्या बसल्या. त्यातल्या दोन महिन्याभरात कोणीतरी काढून नेल्या. तोही आमच्यातलाच असणार, दुसरं कोण येतंय तिथे?

व्हिडिओचं मात्र हात पोळल्यावर कळलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आम्ही दोन-दोन मिनिटांच्या बातम्या टाकायचो: घंटागाडी किती दिवसांनी आली, पाणी किती वाजता. शौचालयासमोरच्या सकाळच्या रांगेचा एक व्हिडिओ फार फिरला. आम्ही खुशीत. संध्याकाळी एका मुलीचे वडील दारात उभे. तिच्या होणाऱ्या सासरी तो व्हिडिओ पोचला होता. ‘तुमच्या बातमीसाठी माझी पोरगी टमरेल घेऊन उभी दाखवली?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या ग्रुपवरून काढला, पण दुसरीकडे गेलेला कसा काढणार? त्यानंतर रांगेचा फोटो पाठीमागून किंवा नुसता चपलांचा. ज्याचा चेहरा दिसतो त्याला आधी क्लिप दाखवायची, तो नाही म्हणाला की विषय संपला. लग्न झालं त्या मुलीचं. मला मात्र तिच्या आईशी बोलताना अजून अवघडतं.

सगळ्यात अवघड बैठक मे महिन्यात झाली, समाजमंदिरात, पुराच्या पाण्यावरून. नाशिकमध्ये गोदेचा पूर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात: गुडघ्याला लागला, कमरेला लागला. आमचा पूर आमच्या भिंतींवर असतो. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं ते घराघरात विचारून नकाशावर टाकायचं, असं आम्ही ठरवलं होतं. रात्री पाणी वाढलं तर कोणती बोळ आधी बंद होते, म्हाताऱ्यांना कुठून काढायचं, हे त्यावरून कळलं असतं. आम्हाला वाटलं याला कोण नाही म्हणेल?

एक बाबा उठले. गिरणीत होते पूर्वी, कमी बोलणारे. म्हणाले, ‘पोरी, निळी रेषा माहीत आहे ना?’ माहीत होती. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी पूररेषा, शंभर वर्षांतल्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. ‘आज ती रेषा त्यांना काढायची तर माणसं पाठवावी लागतात. तुम्ही आयती काढून देताय, आमच्याच तोंडाने वदवून. सिंहस्थ २०२७ ला आहे. काठ साफ करायची वेळ आली की हाच कागद पुढे धरतील.’ रिक्षावाला दादा म्हणाला, ‘नाही काढलं तरी उठवायचं तर उठवतीलच, निदान पोरं तरी वाचतील.’ दोघांचंही खरं होतं. रात्री साडेअकरापर्यंत बैठक चालली. चहा दोनदा झाला.

त्या रात्री आमच्या कामाचे तीन भाग झाले. गल्ल्या, नळ, संडास, चेंबर, अंगणवाडी हे सगळ्यांसाठी, इंटरनेटवर. कोणत्या घरात कोण, भाडेकरू किती, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) कोणाकडे आहे, हे फक्त वहीत. ती वही आशाताईंच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. आणि पाण्याच्या खुणा नकाशावरही नाहीत, वहीतही नाहीत. त्या भिंतीवर. वस्तीचं नाव इथे न लिहिण्याचं कारणही तेच. विद्यार्थ्याला हे पटलं नाही. माहिती सगळी खुली हवी, असं त्याचं म्हणणं. त्याचं घर गंगापूर रोडच्या सुखवस्तू भागात आहे, हे मी त्याला बोलून दाखवलं. बोलायला नको होतं.

मृगाच्या आधी गेरू कालवून आम्ही निघालो. ज्याच्या घराला खूण करायची त्यानेच हात वर करून दाखवायचं, आम्ही ब्रश फिरवायचा. चौथ्या गल्लीत दोन भाऊ एकाच भिंतीला टेकून राहतात. थोरला म्हणाला, २०१६ ला पाणी खिडकीच्या चौकटीला लागलं होतं. धाकटा म्हणाला, छे, चौकटीच्या वर, आईचा फोटो भिजला होता, विसरलास का? थोरला म्हणाला, फोटो नंतर गळक्या पत्र्याने भिजला. दोघांच्या बायका बाहेर आल्या, त्यांच्यातही दोन मतं पडली. ब्रशवरचा गेरू माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता. शेवटी दोन्ही रेषा काढल्या, एकीखाली एक, वीतभर अंतराने. धाकट्याने आपल्या रेषेला दुसरा हात मारून घेतला.