आमची वाटचाल : उसाच्या कांड्याचा ठसा

2003 साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही घडीचे चाकू करायला सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार. त्याचा हात लेथवर आणि डायवर, माझा भट्टीवर. वडील विळे-खुरपी करायचे, पोलादाला पाणी द्यायची, म्हणजे तापवून विझवून कडक करायची, विद्या मला घरातच मिळाली. शेजारचे सगळे पंप आणि कास्टिंगच्या मागं. खिशातला चाकू करतो म्हटल्यावर त्यांना ते काम वाटायचंच नाही.

पातं तीन इंची, ईएन-31 चं, म्हणजे बेअरिंगचं पोलाद. आत पितळी पट्ट्या, वर शिसवाची नाहीतर म्हशीच्या शिंगाची मूठ. पण सगळं कसब पाठीच्या कमानीत, म्हणजे पातं धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगमध्ये. कमान मऊ राहिली तर पातं लुळं पडतं, फार कडक झाली तर तुटते. म्हणून पाणी दिल्यावर पुन्हा शेकायचं. पात्यावर गवती पिवळा रंग आला की थांबायचं, कमानीला मात्र निळी झाक येईपर्यंत धरायचं. मग पातं उघडताना आणि मिटताना टक्क वाजतं. तो आवाज आल्याशिवाय मी आजही माल बाहेर सोडत नाही.

पात्याच्या बुडाला उसाच्या कांड्याचा ठसा. नक्षी माझी, ठशाचा पंच, म्हणजे ठोकून ठसा उठवायचं हत्यार, भागीदारानं कोरला. एक झिजला तर असावा म्हणून दोन कोरले. ती चूक मला आठ वर्षांनी कळली.

लोक विचारतात, पुरात तुमचं किती गेलं? 2019 ला शाहूपुरीतल्या गाळ्यातला माल भिजला, तो घासून, तेल लावून विकला. आम्ही बुडालो ते त्याच्या आधी, 2011 साली, ऐन उन्हाळ्यात. भागीदार वेगळा झाला. हिशोब झाला, मशिनं वाटली, हात मिळवले. ड्रॉवरमधला दुसरा पंच मी मोजला नाही.

सहा महिन्यांत आमच्याच ठशाचे चाकू बाजारात आले, निम्म्याहून कमी किमतीत. पातं मऊ स्टेनलेसचं, कमानीला पाणीच नाही. दिसायला हुबेहूब, कारण सगळी मापं त्याच्याकडं होती. विकले त्यानं आणि तक्रारी घेऊन माणसं आली माझ्या दारात.

त्यातले पहिले आमचे गुऱ्हाळवाले मामा. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी पोरासाठी बाजारातनं घेतलेला चाकू टेबलावर टाकला. पातं फडक्यासारखं लोंबत होतं.

"मामा, हा माझा न्हाई."

"ठसा कुणाचा हाय?"

मी गप्प बसलो. ड्रॉवरमधला नवा चाकू काढून त्यांच्या हातात दिला. त्यानंतर जो आला त्याला बदलून देत गेलो. दीड वर्ष. पैसे पुरेनात म्हणून सरफेस ग्राइंडर विकला आणि पाती पुन्हा हातानं कानशीवर आणली. पोलिसांत जा, वकील गाठा, असं सगळे म्हणाले. ठशाची नोंदणीच केलेली नव्हती, तर कुठल्या तोंडानं जायचं? आणि त्याच्या घरी मी जेवलेलो. आजही त्या गल्लीतनं जाताना माझं डोकं तापतं.

सावरलं ते मास्तरांनी. निवृत्त शिक्षक, चाकू जमवायचा छंद. फ्रान्सचा ओपिनेल, जपानचा हिगोनोकामी, जुना रामपुरी, सगळे कपाटात, आणि रोज त्यातला एक खिशात. नुसता कपाटात ठेवला तर चाकूची ओळख होत नाही, असं त्यांचं म्हणणं. पेरू कापायचा, पेन्सिल तासायची, दोरी तोडायची. आमचा चाकू सोमवारचा ठरलेला.

एका संध्याकाळी त्यांनी फ्रान्सचाच एक लायोल चाकू माझ्यासमोर ठेवला. कमानीवर माशीची आकृती, बाकी सगळी पाठ कानशीनं कोरलेली. म्हणाले, "लायोल हे हा चाकू जिथला, त्या गावाचं नाव. त्या नावावर हक्क राहिला नाही म्हणून 2012 साली गावकऱ्यांनी गावाची पाटीच उतरवली. गावाचं नाव जातं तिथं तुझा ठसा काय घेऊन बसलास, बाळ? हातानं काहीतरी कर. पंचानं उठणार नाही असं."

तेव्हापासून प्रत्येक कमानीच्या पाठीवर मी त्रिकोणी कानशीनं उसाची पेरं काढतो. सात पेरं, दोन सारखी नसतात. एका चाकूला पाऊण तास जास्त जातो. ठसा बंद केला. दोन वर्षांत लोक पेरं बघून चाकू घ्यायला लागले आणि तो स्वस्त माल दुकानांतनं हळूहळू गेला. नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नव्यानं चाकू बाळगणाऱ्यांना मात्र सांगतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कार्बनचं पातं धुऊन तसंच मिटू नका, पुसा, सांध्यात खोबरेलाचा एक थेंब सोडा. लिंबू कापल्यावर येणारा करडा रंग घासून काढू नका, तो गंज नव्हे. कोल्हापुरात चामडं चांगलं मिळतं म्हणून हौसेनं म्यान शिवून घेता, घ्या, पण चाकू महिनोन्‌महिने त्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं, पितळ हिरवं पडतं. विमानाला जाताना चाकू घरी ठेवा. आणि धंद्यात भागीदार असेल तर ठसे, डाय, मापं, सगळं मोजून कागदावर घ्या, सख्खा भाऊ असला तरी.

मास्तर आता नाहीत. त्यांचा सोमवारचा चाकू मुलानं माझ्याकडं आणून दिला. धार लावून लावून पातं निम्मं झालंय, कमान अजून टक्क वाजते. खंडेनवमीला भट्टी, ऐरण आणि कानशींबरोबर तो पाटावर मांडतो. त्याच्याशेजारी आमचा एकुलता पंच असतो. दुसरा अजून परत आलेला नाही.